पार्सलाचा पूर्ण खर्च आधी सांगा : कुरिअर कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
परदेशातून आलेली पार्सले कस्टम्समधून सोडवून घरपोच देणाऱ्या सर्व अधिकृत कुरिअर कंपन्यांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी बडोद्याला दांडिया बाजारात राहते. शाळेत पदार्थविज्ञान शिकवत होते. निवृत्तीनंतर शनिवार-रविवार घराच्या पुढच्या खोलीत मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. फी घेत नाही. सुटे भाग लागतात त्यांची वर्गणी तेवढी मुले काढतात, कमी पडेल ते मी घालते. रेझिस्टर, कपॅसिटर, साधे मायक्रोकंट्रोलर बोर्ड हे सगळे आता देशात सहज मिळते. अहमदाबादच्या रिलीफ रोडवर मिळते, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते, घरबसल्याही येते. पण काही भाग मात्र परदेशातूनच आणावे लागतात, आणि ते तुमच्यामार्फत येतात.

हे पत्र त्या पार्सलांवर दारात वसूल होणाऱ्या रकमेबद्दल आहे. मागणी नोंदवताना ही रक्कम कोणी सांगत नाही. पार्सल हातात पडायच्या क्षणी ती समोर येते, आणि त्या क्षणी नाही म्हणायची सोय उरलेली नसते.

कर भरायला माझा विरोध नाही, हे आधीच लिहून ठेवते. देशात माल आणला की त्यावरचा कर भरला पाहिजे, आणि तो मी भरत आले आहे. माझा आक्षेप त्या कराभोवती तुम्ही उभ्या केलेल्या शुल्कांना आहे, त्यांच्या अपारदर्शक हिशोबाला आहे, आणि ग्राहकाला शेवटपर्यंत अंधारात ठेवण्याच्या पद्धतीला आहे.

आम्हाला हे भाग कशाला लागतात, तेही सांगते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि अर्धे शहर पाण्यात गेले. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींच्या घरांत पाणी शिरले होते. त्यानंतर मुलांनीच ठरवले की आपल्या भागातल्या नाल्यांमध्ये पाण्याची पातळी मोजून इशारा देणारे यंत्र करायचे. सुरुवात अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या सेन्सरने केली. तो स्वस्त आहे आणि इथेच मिळतो. पण नाल्याच्या पाण्यावर फेस असतो, कचरा वाहत येतो, प्रतिध्वनी भलतीकडूनच परततो आणि आकडे उड्या मारतात. पाण्याखाली ठेवायचा दाबाचा सेन्सर या कामाला योग्य. एक मीटर पाण्याचा दाब साधारण ९८ मिलिबार, म्हणजे ढोबळमानाने एका मिलिबारला एक सेंटिमीटर. एवढ्या बारकाईने मोजणारे छोटे सेन्सर आज मिळतात. मात्र पाण्याखालच्या सेन्सरवर हवेचा दाबही असतो आणि तो हवामानाप्रमाणे बदलत राहतो. पावसाळी वादळात तर फारच. म्हणून तसाच दुसरा सेन्सर पाण्याबाहेर ठेवून वजाबाकी करावी लागते. एका ठिकाणाला दोन सेन्सर लागतात, आणि आम्हाला हवे ते सेन्सर त्या वेळी देशात कोणाकडेच नव्हते.

मुलांनी पैसे जमवले. सेन्सरची किंमत पाहिली, वाहतुकीचा आकडा पाहिला, बेरीज केली आणि मागणी नोंदवली. पुढे तुमच्यापैकी एका कंपनीचा माणूस पार्सल घेऊन आला तेव्हा सोबत बिल होते. कर सहाशेच्या घरात होता. तो कर आमच्या वतीने भरल्याबद्दल कंपनीने लावलेले शुल्क कराहूनही जास्त होते, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. पार्सल घेऊन आलेला मुलगा भला होता. ही रक्कम कशाची, हे त्याला विचारले तर त्याच्या फोनवर नुसता एकूण आकडा दिसत होता. मी पैसे दिले. पुढच्या शनिवारी मुलांनी आपसात ठरवून टाकले की आता दुसऱ्या ठिकाणाचे सेन्सर मागवायचे नाहीत, एकाच जागेवर भागवायचे. पंधरा वर्षांची मुले काम अर्ध्यावर आणतात ती तांत्रिक अडचणीमुळे नाही, पुढचे बिल किती येईल हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून. ते मला सहन झाले नाही, म्हणून हे पत्र.

आता आक्षेप एकेक करून मांडते.

पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप हा की खर्च आधी सांगता येत असूनही तुम्ही तो सांगत नाही. विक्रेत्याच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ असते, ‘आयात कर व इतर शुल्के खरेदीदाराने भरावीत’. किती, ते तिथे नसते. ग्राहकाने विक्रेत्याला विचारले तर तो तुमच्याकडे बोट दाखवतो. तुम्हाला विचारले तर ‘पार्सल पोहोचल्यावर कळेल’ असे उत्तर येते. पण मोठ्या विक्रेत्यांना तुम्ही डीडीपी सेवा देता, म्हणजे सगळे कर आणि शुल्के धरून एकच रक्कम मागणीच्या वेळीच घेता. ती रक्कम काढणारी संगणकीय व्यवस्था तुमच्याकडे आहे. व्यापाऱ्यासाठी जो आकडा काही सेकंदांत निघतो तो दांडिया बाजारातल्या ग्राहकासाठी का निघू नये? रिक्षात बसणाऱ्याला मीटर दिसतो, म्हणून तो निश्चिंत बसतो. इथे प्रवास संपेपर्यंत मीटर झाकलेला असतो.

दुसरा आक्षेप करभरणा शुल्काबद्दल. कराच्या ठरावीक टक्के किंवा ठरावीक किमान रक्कम, यांपैकी ‘जे जास्त असेल ते’, असा हा नियम. लाखाचे यंत्र मागवणाऱ्या कारखान्याला ही किमान रक्कम जाणवत नाही. दीड हजाराचे भाग मागवणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तीच रक्कम कराला मागे टाकते. कर भरण्याच्या कामाला तुम्हाला खर्च येतो, हे मी मानते. पण ही आगाऊ रक्कम ग्राहकाच्या वतीने भरताना त्याला विचारलेले नसते. मला आधी कळवले असते तर मी कर स्वतः ऑनलाइन भरला असता. ती संधी न देता उसने दिल्याचे शुल्क घेणे अन्याय्य आहे.

तिसरा आक्षेप हिशोबाचा आहे. तो थोडा सविस्तर मांडावा लागेल, कारण बहुतेक ग्राहकांना याची कल्पनाच नसते. आयात कर फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतो. मात्र आयात मालाचे मूल्य ठरवण्याचे २००७ चे जे नियम आहेत त्यांतल्या नियम १० मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. माल विमानाने आला असेल तर वाहतुकीचा खर्च वस्तूच्या मूळ किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही. प्रत्यक्षात वाहतुकीला कितीही पैसे दिलेले असोत.

आमच्यासारख्यांसाठी हा नियम फार मोलाचा आहे, कारण सुट्या भागांच्या पार्सलात वाहतूकच वस्तूपेक्षा महाग असते. उदाहरणासाठी नुसते आयसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिप असलेले पार्सल घ्या. वस्तू १,५०० रुपयांची, वाहतूक २,००० रुपयांची. विमा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात, म्हणजे सुमारे १७ रुपये. नियमाप्रमाणे वाहतूक ३०० रुपयेच धरायची, म्हणून करपात्र मूल्य १,८१७ रुपये. आयसींवर मूळ सीमाशुल्क शून्य आहे, तेव्हा फक्त १८ टक्के आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी), म्हणजे ३२७ रुपये. पूर्ण वाहतूक धरली तर मूल्य होते ३,५१७ आणि कर ६३३ रुपये. जवळजवळ दुप्पट. माझ्या बिलातला आकडा यांपैकी कोणत्या पद्धतीने काढला, हे मला अजून कळलेले नाही. कारण मागूनही मला बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टम्सला सादर केलेल्या आयातीच्या विवरणपत्राची प्रत मिळाली नाही.

याच हिशोबाचा दुसरा भाग म्हणजे टॅरिफचे शीर्षक, म्हणजे सीमाशुल्काच्या दरसूचीतला वस्तूचा वर्ग आणि त्याचा क्रमांक. भारत १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. आयसी (८५४२), डायोड-ट्रान्झिस्टर (८५४१), कपॅसिटर (८५३२), रेझिस्टर (८५३३) यांवरचे मूळ शुल्क त्या कराराने शून्यावर आले. पण ‘वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या वस्तू’ असे एक वेगळे सरसकट शीर्षक आहे, ९८०४. पार्सल त्यात टाकले की आतला आयसी आयसी राहत नाही. त्यावर सरसकट दराने मूळ शुल्क लागते, त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार लागतो, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी. तोच आयसी व्यापाऱ्याने आणला तर मूळ शुल्क शून्य, विद्यार्थ्याने आणला तर शुल्क आणि अधिभार दोन्ही. शीर्षक कोणते असावे यावर कायदेशीर मतभेद असू शकतात. पण माझ्या पार्सलासाठी तुम्ही कोणते शीर्षक निवडले, हे मला समजायलाच हवे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २७ खाली जादा भरलेला कर एका वर्षाच्या आत परत मागता येतो. ज्याच्या हातात कागदच नाही त्याने तो कशाच्या आधारावर मागायचा?

चौथा आक्षेप वजनाचा. विमान वाहतुकीत आकारमानावरून वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची. बोटाच्या पेरात मावतील असे चार-सहा भाग ३० गुणिले २० गुणिले १५ च्या खोक्यात भरले की त्यांचे वजन १.८ किलो होते. खोके विक्रेता निवडतो, पैसे आम्ही देतो. पॅड लावलेल्या पाकिटात हे भाग सुरक्षित येतात. तुमच्याकडून विक्रेत्यांना तशी सक्त सूचना जाऊ शकते.

पाचवा आक्षेप पैसे आणि कागदपत्रे मागण्याच्या तुमच्या पद्धतीवर आहे. पार्सल विमानतळावर उतरले की अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो, ‘तुमचे पार्सल कस्टम्समध्ये अडकले आहे, या दुव्यावर आधार-पॅन द्या, पैसे भरा’. नेमक्या याच शब्दांत भामटेही संदेश पाठवतात. पार्सलाचे नाव काढून ज्येष्ठांना घाबरवून लुबाडल्याच्या बातम्या रोज येतात, आणि सीमाशुल्क मंडळाने स्वतः लोकांना सावध राहण्याचे आवाहन केले आहे. मंडळाच्या पत्रांवर २०१९ पासून डीआयएन हा पत्राची ओळख पटवणारा क्रमांक असतो, तो कोणालाही मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुमच्या संदेशात तपासण्यासारखे काय असते? सावध ग्राहक खात्री करून घेण्यात वेळ घालवतो आणि तेवढ्या दिवसांचे गोदामभाडे त्याच्याच माथी मारले जाते. सावधपणा दाखवला म्हणून दंड भरायचा, हे मला मुळीच मान्य नाही.

पार्सल नाकारण्याबद्दलही लिहिते. रक्कम पाहून ग्राहकाने नको म्हटले तर पुढे काय होते, परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, विक्रेता किती पैसे कापून घेणार, याचे लेखी उत्तर मला तुमच्या कोणत्याही माणसाकडून मिळालेले नाही. नाकारण्याचा परिणाम ठाऊक नसलेला माणूस शेवटी पैसे देतो.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की मग टपालाने मागवा. वर्षानुवर्षे आम्ही तेच करत होतो. चीनमधून लहान पाकिटे साध्या टपालाने अगदी थोड्या खर्चात येत. वेळ लागे, पण परवडे. मग २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जिनिव्हात जागतिक टपाल संघाने आंतरराष्ट्रीय पाकिटांचे दर बदलायचे ठरवले आणि ती स्वस्ताई हळूहळू संपली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अलीएक्सप्रेस या चिनी ऑनलाइन बाजारावर सरकारने बंदी घातली. त्यामागची कारणे देशाच्या सुरक्षेची होती आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. पण परिणाम असा झाला की हौशी माणसापुढे आज बहुतेक वेळा तुमचाच रस्ता उरतो. कित्येक परदेशी विक्रेते भारतासाठी टपालाचा पर्याय दाखवतच नाहीत. दुसरा रस्ता नसलेल्या ग्राहकाशी वागताना तुमची जबाबदारी वाढते, हे तुम्ही लक्षात घ्यावे.

आणि कोणी असेही म्हणेल की हा छंद आहे, गरज नव्हे. त्यांना मी आमच्या शहरातले कलाभवन दाखवीन. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी ते सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनशास्त्रज्ञ तिथे पहिला प्राचार्य होता. इथल्या मुलांनी हाताने काम करत तंत्र शिकावे, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके तिथे शिकले. आज केंद्र सरकार शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी हाताने यंत्रे करून पाहायच्या प्रयोगशाळा उघडते आहे, २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या. बडोद्यात सी-२९५ विमाने जोडण्याचा कारखाना उभा राहिला आहे, साणंद आणि ढोलेराला चिपचे कारखाने येत आहेत. तिथे उद्या काम करणारी मुले आज कुठेतरी एखाद्या टेबलाशी बसून पहिला सर्किट बोर्ड जाळत असतील. त्यांना लागणारा भाग दोनशे रुपयांचा असतो. तो हातात पडेपर्यंत दोन हजारांचा होतो, आणि त्यातला किती भाग कोणाच्या खिशात गेला हे त्यांना कळत नाही.

एक खुलासा करते. रेडिओ लहरी सोडणारे मॉड्यूल मागवले तर दूरसंचार विभागाची मंजुरी लागते, तो नियम वेगळा आहे आणि योग्यही आहे. अशा वस्तूंबद्दल माझी तक्रार नाही. पण मंजुरी लागेल हे मागणीच्या वेळी कळले पाहिजे, पार्सल अडल्यावर नव्हे.

आता माझ्या मागण्या.

१. पार्सल सोडवण्याआधी ग्राहकाला कर, अधिभार, तुमचे शुल्क आणि त्यावरचा जीएसटी असा वेगवेगळा हिशोब लेखी कळवा. त्याची संमती घ्या, आणि संमतीसाठी निदान दोन कामाचे दिवस द्या. त्या दोन दिवसांचे गोदामभाडे लावू नका.

२. कर स्वतः भरण्याचा पर्याय प्रत्येक ग्राहकाला द्या. जो स्वतः भरेल त्याच्याकडून आगाऊ भरण्याचे शुल्क घेऊ नका.

३. वैयक्तिक वापराच्या छोट्या पार्सलांवर तुमचे शुल्क प्रत्यक्ष कराच्या रकमेपेक्षा जास्त नसावे. शुल्काचे दर मराठी, गुजराती, हिंदी अशा भाषांत, सहज सापडतील अशा जागी प्रसिद्ध करा.

४. बिल ऑफ एंट्रीची प्रत न मागता पाठवा. टॅरिफ शीर्षक, धरलेली वाहतूक आणि विमा त्यात स्पष्ट दिसू द्या. २० टक्क्यांची मर्यादा लावली की नाही, हे एका ओळीत लिहा. ती लावायची राहिली असेल तर जादा वसूल झालेला कर परत मिळवून देण्याचे काम तुमचे.

५. ओळखपत्रे आणि पैसे केवळ तुमच्या अधिकृत ॲपवरून किंवा संकेतस्थळावरून, पार्सल क्रमांक टाकल्यावरच मागा. संदेशात पैसे भरण्याचा दुवा देणे बंद करा.

६. पार्सल नाकारल्यास काय होईल आणि किती खर्च येईल, हे पहिल्याच सूचनेत लिहा.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळालाही या पत्राची प्रत पाठवत आहे. अधिकृत कुरिअर म्हणून तुमची नोंदणी सीमाशुल्क खात्याकडेच होते. त्यामुळे पहिली आणि चौथी मागणी नोंदणीची अट म्हणून घालणे मंडळाच्या हातात आहे. त्यासाठी कराचा एकही दर बदलावा लागत नाही, सरकारचा एक रुपयाही बुडत नाही. वैयक्तिक पार्सलात आलेल्या इलेक्ट्रॉनिक भागांना त्यांच्या मूळ शीर्षकाखालीच कर लावावा, अशीही माझी मंडळाला विनंती आहे.

ज्यांना असा अनुभव आला असेल त्यांनी आपली बिले जपून ठेवावीत, बिल ऑफ एंट्रीची प्रत लेखी मागावी आणि एक वर्षाची मुदत चुकवू नये. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

व्यवस्थापक महोदय, माझ्या पार्सलाची बिल ऑफ एंट्री मला अजूनही हवी आहे. मागणीचा अर्ज पुन्हा एकदा संबंधित कंपनीला पाठवला आहे. या पत्राचे उत्तर मला खासगीत नको. वर लिहिलेल्या सहा मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या अमान्य आणि का, हे प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर जाहीरपणे लिहावे.

आपली,
सुटे भाग मागवणारी एक ग्राहक,
दांडिया बाजार, बडोदे